राहून गेलेला भांडणाचा धडा

आईशपथ सांगतो, खाली लिहिलेलं सगळं खरं आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे एकदोन ठिकाणी नव्हतो, पण जे होते त्यांनी मला लगेच येऊन सांगितलं, आणि त्यांना जिथे नीट सांगता आलं नाही तिथे मी थोडं नीट केलं. एवढं सगळेच करतात. फक्त एका जागी मी सरळसरळ थाप मारलेली आहे. ती कुठली, ते शेवटी सांगेन. आधी ओळखलीत तर तुमची हुशारी!

किस्से कसे साठतात माहितीय? माळ्यावर रिकामी खोकी साठतात ना, तसे. दर वेळी वाटतं, असू दे, कधीतरी लागेल. मग एक दिवस माळा आवरायला काढावा, तर प्रत्येक खोक्यात कुणीतरी बसलेलं! माझ्या माळ्यावरचं सगळ्यात मोठं खोकं ‘शेजार’ वर्गाचं. ते उघडलं की आधी हसायला येतं.

‘शेजार’ म्हणजे मीरा रोडला, पूनम सागरमधल्या एका सोसायटीच्या ऑफिसात आम्ही चालवलेला मराठीचा वर्ग. ज्यांना मराठी येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. खाजणात बिल्डिंगी उगवत होत्या. एका जिन्यावर गुजराती, मल्याळी, मारवाडी, कोकणी, सगळे. आणि सगळे मिळून एकमेकांशी हिंदीत बोलायचे, मराठीवाले धरून! गोरेबाईंना ते फार लागायचं. गोरेबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कडक इस्त्रीच्या सुती साडीला सुरकुती पडलेली मी कधी पाहिली नाही. त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसाला ससा आणि बदक शिकवून काय उपयोग? बाजारातली पुस्तकं नकोत. आपलं साहित्य आपण तयार करू."

साहित्य म्हणजे धडे, चित्रांची कार्डं आणि कॅसेट. धड्यांची आखणी बाईंची. संवाद लिहायचे मी. मी दिवसा औषधकंपनीत लेबलांवरचा मजकूर तपासायचो, म्हणून मला लेखक समजायचे. आणि चित्रं काढायला विल्सन. हा उत्तनचा, होड्यांवर नावं आणि नक्षी रंगवणारा.

बाईंचा नियम एकच, पण लोखंडी: जो शब्द शिकवला नाही, तो वापरायचा नाही. त्यामुळे आमच्या धड्यांतली माणसं फार गरीब होती. पहिल्या धड्यात त्यांच्याजवळ एक घर होतं आणि बोलायला चार वाक्यं.

हे घर आहे. हे घर कोणाचे आहे? हे घर आमचे आहे. या. बसा.

बस्स!

*

पहिल्याच दिवशी रमणिकभाई उठून उभे राहिले. रमणिकभाईंचं किराण्याचं दुकान होतं आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत सुधारणा सुचायची.

"बाई, मीरा रोड में कोई पूछता है क्या, ये घर किसका है?"

"मग काय विचारतात?" बाई म्हणाल्या.

"पहला सवाल, पानी आता है क्या!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. आठवडाभर विचार करून त्यांनी चौथ्या धड्यातलं पाणी उचलून पहिल्यात आणलं. पुढच्या वर्गात फळ्यासमोर उभं राहून त्यांनी एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "पाणी येते का?"

आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "नाही!!"

‘नाही’ हा शब्द तिसऱ्या धड्यात होता. तो त्यांना कुणीच शिकवला नव्हता.

त्या ओरडण्यात सगळ्यात बारीक आवाज ओमनाचा होता. ती केरळची, एका ऑफिसात टायपिस्ट. तिने मिलिंदशी लग्न केलं होतं. मिलिंद परभणीकडचा, बौद्ध कुटुंबातला. लग्न दोन्हीकडच्यांना न विचारता झालेलं. केरळहून तर पत्रसुद्धा येत नव्हतं. पण मिलिंदची आई, अनसूयाबाई, गावाहून निरोप पाठवून म्हणाल्या होत्या की उन्हाळ्यात येते, आणि जमलं तर कायमची राहते. ओमनाला मोडकंतोडकं हिंदी यायचं. अनसूयाबाईंना हिंदीचा गंध नव्हता.

ओमना वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आली. "सर, मुझे पूरा मराठी नहीं चाहिए. एक आदमी के साथ बोलने का मराठी चाहिए. मेरा सास."

बाईंनी ते ऐकलं. "भाषा अशी सुटी मिळत नाही, ओमना. अख्खी घ्यावी लागते."

ओमनाला यातलं काही कळलं नाही. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "या. बसा."

*

विल्सनचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कार्डांचा नियम असा, की एका कार्डावर एकच वस्तू. टेबल म्हणजे फक्त टेबल. विल्सनने पहिली कार्डं आणली. टेबल सुरेख होतं. त्याच्या मागे समुद्र होता. डॉक्टर होते, गळ्यात स्टेथास्कोप, मागे समुद्र. भाजीवाली, मागे समुद्र. पलंगाच्या मागेसुद्धा समुद्र आणि त्यात एक शिडाची होडी.

"विल्सन, पलंगाच्या मागे समुद्र कशाला?"

विल्सनला प्रश्नच कळला नाही. "मंग पाठी काय हाय?" तो म्हणाला. "दर्या न्हाय तर काय हाय?"

वेळ नव्हता, म्हणून बाईंनी तीच कार्डं वर्गात नेली. डॉक्टरांचं कार्ड वर धरून विचारलं, "हे कोण आहेत?" वर्ग म्हणाला, "समुद्र!" टेबल दाखवलं. "समुद्र!" शेवटी खरंच समुद्राचं कार्ड दाखवलं, तर रमणिकभाई विचारात पडले. "इसमें टेबल किधर है?"

मग बाईंनी विल्सनला समोर बसवून नीट समजावलं. विल्सन ऐकणारा माणूस. त्याने समुद्र काढून टाकला. पुढची सगळी कार्डं पांढऱ्या कागदावर आली. टेबल टेबलासारखं आणि माणूसही टेबलासारखा! वर्गाला सगळं ओळखता यायला लागलं. पण कार्डं बघायला म्हणून आधी लोक लवकर यायचे, ते यायचे बंद झाले. समुद्रवाली कार्डं पुढे कुठे गेली कुणास ठाऊक. मी नंतर खूप शोधली.

*

कॅसेट आम्ही माझ्या घरी भरायचो. भिंतींचा आवाज घुमतो म्हणून बाईंनी युक्ती काढली होती. कपाट उघडायचं, गोधड्यांत तोंड घालायचं आणि तिथे बोलायचं. गोरेबाई माझ्या बायकोच्या साड्यांशी अतिशय शुद्ध मराठीत बोलताहेत, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याचा जन्म थोडा फुकट गेला!

धडा होता ‘डॉक्टरकडे’. बाई डॉक्टर, मी पेशंट.

"तोंड उघडा," बाई गोधडीला म्हणाल्या. "जीभ दाखवा. मोठा श्वास घ्या."

मी श्वास घेतला, आणि खाली हॉर्न वाजला. त्या हॉर्नला मीरा रोडमध्ये झोपलेला माणूस उठायचा आणि उभा असलेला पळायचा.

"अगं बाई, टँकर आला! हंडा कुठाय?" डॉक्टर ओरडले. मग हंड्यांचा खणखणाट, जिन्यावर पावलं, दूरवर माझी बायको, "आधी कळशी घ्या, कळशी!" आणि मग शांतता. त्या शांततेत एकटा पेशंट विचारतोय, "डॉक्टर, मला बरे वाटेल ना?"

हे सगळं टेपमध्ये भरलं गेलं. पुन्हा भरायला वेळ नव्हता, आणि रमणिकभाईंच्या मेहुण्याने तोवर कॉप्या काढल्यासुद्धा! वर्गाने घरी जाऊन तो धडा पाठ केला. पुढच्या खेपेस बाईंनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" वर्ग एका सुरात, "तोंड उघडा! जीभ दाखवा! मोठा श्वास घ्या! अगं बाई, टँकर आला!"

रमणिकभाई तर महिन्याभराने खोकला घेऊन भाईंदरला खऱ्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "मोठा श्वास घ्या." रमणिकभाई सवयीने म्हणाले, "अगं बाई, टँकर आला!"

डॉक्टर मीरा रोडला राहायचे. स्टेथास्कोप तिथेच टाकून धावले!

(नाही, मी म्हटलेली थाप ही नव्हे.)

बाईंनी नंतर तो धडा पुन्हा भरला. या वेळी टँकर नाही, हंडा नाही. स्वच्छ कॅसेट झाली. तीच पुढे सगळ्यांना दिली, आणि जुन्या गोळा करून त्यांच्यावर नवीन धडे भरले. आज कुणी मला विचारलं, तुमच्या सगळ्या कामातलं काय ठेवायला हवं होतं, तर मी तो हंड्याचा आवाज म्हणेन.

*

उन्हाळ्यात अनसूयाबाई आल्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की जिन्याच्या खालून बोलल्या तर गच्चीवर वाळत घातलेले पापड हलावेत.

पहिले काही दिवस मिलिंद दुभाष्या होता. अनसूयाबाई बोलायला लागल्या की हातवारे करत, गाव, विहीर, थोरली जाऊ, मेलेली म्हैस असं सगळं घेऊन बराच वेळ बोलायच्या. बोलून झालं की ओमना मिलिंदकडे बघायची. मिलिंद म्हणायचा, "चाय अच्छी बनी है, बोल रही है."

"इतना देर?"

"बहोत अच्छी बनी है."

मग ओमनाने ठरवलं, आपणच बोलायचं. तिचा अभ्यास चोख होता. सकाळी ती सासूबाईंसमोर हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार. आपण चहा घेणार का?"

अनसूयाबाई दचकून उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्चीच्या कडेला टेकल्या, तहसील कचेरीत टेकावं तशा. चहा आला. प्यायल्या. ओमना म्हणाली, "धन्यवाद. आपल्याला भेटून आनंद झाला."

संध्याकाळी मिलिंद घरी आला तर आई अजून त्याच खुर्चीत. "आरं," त्या हळूच म्हणाल्या, "तुझी बायको रेडिओवानी बोलती. मला वाटलं, कुनी साहेब आलं. आता उठलं तर चालंल का?"

असे आठवडे गेले. घरात कमालीचा सभ्यपणा! अनसूयाबाईंना तो सोसेना. शेजाऱ्यांकडे त्या सांगायच्या, "गुनाची हाय. पन माझ्याशी भांडत न्हाई. घरच्या मानसाशी मानूस भांडतंय. म्या काय पावनी हाय?"

*

खरं तर भांडता न येण्याचा त्रास ओमनालाही होत होता. टँकरच्या रांगेत तिने आमच्या पुस्तकातलं वाक्य वापरलं. "कृपया मला थोडी जागा द्याल का?" बायकांनी वळून बघितलं, कुणी सिनेमातली नटी आलीय की काय! आणि त्या पुढे सरकल्या. त्या दिवशी घरात पाणी नव्हतं. मग अनसूयाबाई स्वतः हंडा घेऊन खाली उतरल्या. रांगेत काय बोलल्या ते माहीत नाही, पण हंडा भरून आला आणि मागून दोन बायका आदराने पोचवायला आल्या.

त्याच आठवड्यात ओमना वर्गात उभी राहिली. पहिल्यांदाच पूर्ण मराठीत बोलली. "बाई, मला भांडण पाहिजे."

बाईंच्या हातातला खडू थांबला.

"कोणाशी?"

"सासूबाईशी."

मी आणि विल्सनने एकमेकांकडे बघितलं. असला धडा आयुष्यात एकदाच मिळतो!

*

भांडणाचा धडा आम्ही अनसूयाबाईंच्या समोर बसून लिहिला. म्हणजे त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो आणि ओमना शेजारी बसून बोट ठेवून वाचत होती. इतकी वाचा फुटलेली बाई मी पाहिली नाही. आठवडेच्या आठवडे खुर्चीच्या कडेला टेकलेली बाई मांडी ठोकून खाली बसली!

"हां, लिव्हा," त्या म्हणाल्या. "पयलं मिठावरनं काढायचं. सुनेनं म्हनायचं, ‘मीठ काय समिंदरातनं थेट आनलं व्हय?’"

विल्सनचे डोळे चमकले. "समिंदर?" तो म्हणाला. "मंग पाठी दर्या काढू?"

"काढ!" मी म्हटलं.

"मंग सासूनं म्हनायचं, ‘तुझ्या बापाच्या घरी काय साखर घालत्यात?’ मंग सुनेनं भांडं आपटायचं. रिकामं. भरलेलं न्हाई."

"भांडं आपटायचं," मी कंसात लिहिलं.

"आन् ध्यानात ठेवा, भांडनात ‘जा’ म्हनायचं न्हाई. कितीबी राग येऊ द्या. ‘कुठं चाललीस?’ म्हनायचं. ‘जा’ म्हनलं की मानूस जातंय. आन् जेवायच्या टायमाला ताट वाढायचं. जेवायचं, आन् मंग पुन्हा भांडायचं."

ओमनाने तालीम केली. "मीठ काय समुद्रातून थेट आणले काय?" ती गोड आवाजात म्हणाली.

"अगं, आरती म्हनतीस व्हय? नरड्यातनं काढ!"

ओमनाने पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. अनसूयाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मिलिंद दारात उभा होता, शिफ्टला जायचं विसरून. त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं हसणं.

विल्सनने चित्र काढलं. दोन बायका हात नाचवतायत, मधे उलटं पडलेलं भांडं, आणि खिडकीतून आत येणारा अख्खा समुद्र. धडा सायक्लोस्टाइल केला. वर्गात वाटलासुद्धा.

*

गोरेबाईंनी तो धडा परत मागवला.

त्यांना वाईट म्हणू नका. त्या वर्षी मुंबईत दंगली झाल्या, त्यानंतर आमच्या जिन्यावर पिढ्यान्‌पिढ्या ओळख असल्यासारखी राहणारी माणसं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायला लागली होती. पलीकडच्या पेणकरपाड्याच्या वस्तीतून वर्गाला येणारे दोघंतिघं यायचे थांबले होते. बाईंनी मला आणि विल्सनला बोलावलं आणि त्या मला म्हणाल्या, "दिगंबरराव, लोक भांडून दमलेत. आपण या दिवसांत त्यांना भांडण शिकवायचं? पहिल्या पुस्तकात तरी माणसांनी नीट बोलावं. एवढी एक जागा असू दे."

मी माझी प्रत बाईंच्या हातात दिली. विल्सनने त्याचं चित्र.

"पुढच्या आवृत्तीत बघू," बाई म्हणाल्या.

त्याच्या जागी बाईंनी स्वतः नवीन धडा लिहिला. नाव ‘मतभेद’. त्यात सून म्हणते, मला वाटते, भाजीत मीठ किंचित जास्त आहे. सासू म्हणते, माझे मत वेगळे आहे. सून म्हणते, मी आपल्या मताचा आदर करते. चित्रात दोन बायका. मागे पांढरा कागद.

बाईंनी वर्गात बजावलं, "आधीचा धडा विसरा. हा बरोबर आहे."

आणि ओमना आमची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती, तिथेच सगळा घोटाळा झाला.

*

पुढचं मिलिंदने सांगितलं.

अनसूयाबाईंना धडा बदलल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हिशोबाने तालीम झाली होती, आता खरा प्रयोग. रविवारी दुपारी त्यांनी वरण स्वतः केलं आणि त्यात मूठभर मीठ जास्त घातलं. मुद्दाम! ताटं वाढली. सुनेसमोर मांडी घालून बसल्या. सुनेच्या हाताशी एक रिकामं भांडंसुद्धा नेऊन ठेवलं. आणि वाट बघत राहिल्या.

ओमनाने पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अनसूयाबाई पुढे सरकल्या.

ओमना म्हणाली, "मला वाटते, वरणात मीठ किंचित जास्त आहे. पण मी आपल्या मताचा आदर करते."

आणि तिने पाण्याच्या घोटाबरोबर सगळं ताट संपवलं. पुसून!

मिलिंद म्हणाला, आईचा चेहरा असा झाला की जणू कुणी तोंडावर दार लावलं. मग म्हणाली, "आदर करती म्हन. म्या काय केलं हिचं?" आणि थोड्या वेळाने, भांडी घासून झाल्यावर, "मिलिंदा, माझं गठुडं बांध. पावन्यानं किती दिस ऱ्हायचं?"

*

परभणीकडे जाणारी प्रायव्हेट गाडी घोडबंदरच्या नाक्यावर हायवेला थांबायची. आम्ही सगळे पोचवायला गेलो. मिलिंद, ओमना, मी, विल्सन. गोरेबाईसुद्धा आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण आल्या.

अनसूयाबाई खिडकीपाशी बसल्या. गठुडं मांडीवर. नजर समोर. ओमना खाली उभी, हात जोडलेले. धड्याप्रमाणे म्हणाली, "नमस्कार. पुन्हा या."

अनसूयाबाईंनी मानसुद्धा वळवली नाही.

क्लीनरने दार लावलं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. आणि ओमनाने गाडीच्या पत्र्यावर अशी थाप मारली की आम्ही सगळे मागे सरकलो.

"हे घर आहे!" ती ओरडली.

नाक्यावर घर नव्हतं. एक पानाची टपरी होती आणि धूळ होती.

"हे घर कोणाचे आहे? हे घर आमचे आहे! हे घर आमचे आहे!" पत्र्यावर पुन्हा थाप. "दुकान किती वाजता उघडते? मला बरे नाही! पाणी येते का? पाणी येत नाही! भाजी ताजी आहे का? भाजी ताजी नाही! मीठ जास्त आहे! मीठ जास्त आहे! मीठ जास्त आहे!"

गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागली. टपरीवाला चुना लावायचा थांबला. ओमनाचे केस सुटले होते, तोंड लाल झालं होतं, आणि आवाज नरड्यातून येत होता.

"तुम्ही कुठे जाता? तुम्ही कुठे जाता? या! बसा!"

माझ्या शेजारी गोरेबाई उभ्या होत्या. त्यांच्या साडीला पहिल्यांदाच सुरकुत्या दिसत होत्या, पदर मुठीत आवळून धरलेला. "दिगंबरराव," त्या पुटपुटल्या, "एकही शब्द बाहेरचा नाही हो. सगळं आपलंच आहे."

आणि गाडीचं दार उघडलं. आधी गठुडं खाली पडलं, मागून अनसूयाबाई उतरल्या. पदर खोचलेला, हात नाचतोय.

"अगं, वरडती काय? मीठ जास्त व्हतं, तर ताट काहून पुसून खाल्लंस? आं? काहून पुसून खाल्लंस?"

दोघी तशाच भांडत हायवे ओलांडून रिक्षात बसल्या. मिलिंद मागे गठुडं घेऊन.

*

आता थाप सांगायची.

अनसूयाबाई उतरल्या नाहीत. ‘ताट काहून पुसून खाल्लंस’ हे वाक्य माझं आहे. आमच्याकडे संवाद लिहायचं काम माझ्याकडेच होतं. दार उघडलं नाही. गाडी सुटली. त्या पुन्हा मीरा रोडला आल्या नाहीत. पुढे निरोपानिरोपीत यायचं ठरलंही होतं, पण तेवढे दिवस त्यांच्या हातात राहिले नव्हते.

बाकी सगळं खरं. पत्र्यावरची थाप खरी. आणि गाडी हायवेला लागली तेव्हा अनसूयाबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या, हेही खरं. इंजिनाच्या आवाजात आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. पण डोक्यावरचा पदर उडून गेला होता, एका हाताने खिडकीचा गज धरला होता, आणि दुसरा हात ओमनाच्या दिशेने नाचवत, वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत, त्या भांडत होत्या.